परसातल्या पर्सिमनचं कुळ

अमेरिकेच्या मध्य आणि आग्नेय भागात एक फळझाड आपणहून उगवतं. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, पडीक रानात. सप्टेंबर सरता सरता त्याची अडीच ते पाच सेंटिमीटर व्यासाची नारिंगी फळं जमिनीवर पडू लागतात. गर दाट, अतिशय गोड, वास जरासा मसालेदार. ज्याच्या जिभेला ती चव लागली तो दर शरदात त्या झाडाखाली वाकून फळं वेचणारच. तरीही हे फळ दुकानात क्वचितच दिसतं. खाण्याजोगं पिकेपर्यंत त्याची साल इतकी नाजूक झालेली असते की बोटाच्या दाबानं फुटते. पेटीत भरून पाठवलं तर मुक्कामी लगदा पोचतो. लवकर तोडून आढीत घालावं, तर झाडावरच्या पिकलेपणाची गोडी त्याला येत नाही. म्हणून ज्याला हे फळ हवं, त्याला झाडच जवळ हवं. अमेरिकन पर्सिमनची कुळकथा या अडचणीतून घडत गेली. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि त्याची वंशावळ सांभाळली ती परसदारी झाडं लावणाऱ्या, हिवाळ्यात एकमेकांना कलमकाड्या धाडणाऱ्या साध्या माणसांनी.

पुण्या-मुंबईच्या फळबाजारात हल्ली पर्सिमन म्हणून जे मोठं, गुळगुळीत फळ मिळतं, ते वेगळं. ती चीन-जपानकडची काकी. हिमाचलच्या कुल्लू भागात तिच्या बागा आहेत आणि तिथे तिला ‘जापानी फल’ म्हणतात. अमेरिकन पर्सिमन, म्हणजे डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना, हा तिचा भाऊबंद. या भाऊबंदकीत आपलंही एक घर आहे: टेंभुर्णी. विदर्भातल्या जंगलात तेंदू म्हणून ज्याची पानं विडीसाठी तोडतात, तेच झाड. काळ्याभोर लाकडाचा आबनूसही याच प्रजातीतला. रानात टेंभरं खाऊन वाढलेल्या माणसाच्या हातात अमेरिकन पर्सिमन ठेवलं तर देठाशी घट्ट बसलेली ती टोपी, आतल्या चपट्या तपकिरी बिया आणि अर्धवट पिकल्या फळाचा तो तुरटपणा यांवरून तो घराणं लगेच ओळखेल.

युरोपी माणसं तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून या झाडावर माणसाचा हात फिरत होता. 1539 ते 1543 या काळात हर्नान्डो दे सोतोचं स्पॅनिश सैन्य आजच्या फ्लोरिडापासून मिसिसिपी नदीपलीकडपर्यंत भटकलं. त्या मोहिमेतल्या एका पोर्तुगीज सरदाराची हकिकत 1557 मध्ये छापली गेली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, एल्व्हास गावचा एवढीच ओळख. गावागावांतून मिळालेल्या ज्या वाळवलेल्या ‘आलुबुखारां’चा तो उल्लेख करतो, ते पर्सिमनच, असं अभ्यासक मानतात. तिथले लोक पिकल्या फळांचा गर थापून, वाळवून त्याच्या वड्या करत. हिवाळ्याची ती बेगमी होती आणि सैन्यानं ती आयती खाल्ली. पुढे 1612 मध्ये कॅप्टन जॉन स्मिथनं व्हर्जिनियाच्या वर्णनात या फळाबद्दल लिहिलं: कच्चं खाल्लं तर तोंड वेडंवाकडं होतं, पिकलं की जर्दाळूसारखं लागतं. आज इंग्रजीत रूढ असलेलं नाव त्याच मुलखातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आलं. शास्त्रीय नाव लिनियसनं 1753 मध्ये दिलं. पण निवडीचं पहिलं काम या दोघांच्याही आधी झालं होतं असं मला वाटतं. रान मोकळं करताना चांगलं झाड राखायचं आणि वस्तीजवळ बिया पडू द्यायच्या, हीसुद्धा बागायतच आहे. तिची नोंद कुठल्या वहीत झाली नाही, एवढंच.

त्या तुरटपणाशी या फळाचं सगळं नशीब बांधलेलं आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. कच्च्या फळातले टॅनिन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतात. चावा घेताच ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ, टाळू, गाल कोरडे ठक्क पडतात. फळ पिकताना त्यात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. त्यामुळे टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंतून मोठे, न विरघळणारे होतात. टॅनिन फळातच राहतात, फक्त जिभेला ते जाणवत नाहीत. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्याच एका झाडाच्या कच्च्या फळाचा चीक पूर्वी होड्यांना आणि मासेमारीच्या जाळ्यांना चोपडत, जपानात काकीच्या चिकाचा तसाच उपयोग होतो. तो याच टॅनिनच्या बळावर.

अमेरिकेत एक समजूत फार घट्ट आहे की थंडीचं हिव पडल्याशिवाय पर्सिमन गोड होत नाही. ते खरं नाही. सप्टेंबरात, हिव पडण्याच्या कितीतरी आधी उत्तम पिकणारी झाडं आहेत. जे फळ अजून कच्चं आहे, त्याला कडक हिवानं गाठलं तर ते मऊ पडेल, पण तुरटच राहील. समजूत कशी रुजली हे मात्र सहज कळतं. रानातली बहुतेक झाडं उशिरा पिकतात, आणि ती पिकण्याची वेळ नि पहिल्या हिवाची वेळ अनेकदा एकच येते. हा बारकावा मी मुद्दाम सांगितला, कारण उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात लवकर पिकणारं झाड किती मोलाचं, हे त्यातूनच कळतं.

वसाहतींच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसांनी आणि गरीब शेतकऱ्यांनी या फळाला स्वयंपाकघरात आणलं. गर आणि कोंडा एकत्र भाजून, पाण्यात आंबवून बिअर करत. यादवी युद्धात नाकेबंदीमुळे दक्षिणेला कॉफी मिळेना, तेव्हा पर्सिमनच्या बिया भाजून, दळून तिची तहान भागवली. बी उभी चिरून आत चमचा दिसतो, काटा दिसतो की सुरी, यावरून येत्या हिवाळ्याचं भाकीत करण्याचा खेळ आजही चालतो. चमच्याचा अर्थ भरपूर बर्फ उपसावा लागेल असा. खरं तर दिसतो तो बीजातला कोवळा अंकुर.

आता वंशावळीकडे येऊ. तिच्यात मोठा गुंता आहे. पर्सिमनमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मे-जूनमध्ये पिवळसर पांढरी, घंटेच्या आकाराची फुलं येतात. नराची झुबक्यानं, मादीची एकेकटी. बी लावलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि कोणतं कोण हे फुलं येईपर्यंत समजत नाही. त्यासाठी पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ वाट बघावी लागते. मादी निघाली तरी फळ मोठं असेल की बोराएवढं, गोड असेल की बेचव, लवकर पिकेल की नोव्हेंबरात, याचा भरवसा नाही. म्हणजे चांगलं झाड सापडलं, तर त्याला जसंच्या तसं पुढे नेण्याचा मार्ग एकच: कलम.

त्यात आणखी एक गोष्ट. 1941 मध्ये बाल्डविन आणि कल्प या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या एका जातीत दोन वंश नांदतात. दक्षिण ॲपलाचियन डोंगरांच्या आसपासच्या झाडांत 60 गुणसूत्रं, तर उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या झाडांत 90. झाडं दिसायला सारखीच, पण त्यांचा आपसात संसार जमत नाही. 60 वाल्या नराच्या परागानं 90 वाल्या मादीला नीट बी धरत नाही. काही माद्या मात्र परागाविनाही बिनबियांची फळं धरतात, आणि परसात एकच झाड लावायला जागा असलेल्या माणसाला हे वरदान आहे. थंडी सोसण्यात नि लवकर पिकण्यात 90 वाला उत्तरेचा वंश सरस. नाव असलेल्या बहुतेक चांगल्या वाणांचं मूळ त्याच्याकडे जातं.

या उत्तरेच्या वंशातलं सर्वांत मोठं घराणं सुरू होतं इलिनॉय राज्यातल्या आल्टन गावी. मिसिसिपीच्या काठच्या उंचवट्यावर ई. ए. रील नावाचे गृहस्थ राहत. चेस्टनट, अक्रोड, नाना तऱ्हेची फळझाडं लावायची आणि पारखायची हा त्यांचा ध्यास. 1880 च्या सुमारास त्यांच्या हाती आलेल्या एका पर्सिमन झाडाची फळं इतर झाडांच्या आधी पिकत आणि गोडीलाही कमी पडत नसत. त्याला नाव मिळालं अर्ली गोल्डन. त्याच्या काड्या गावोगाव गेल्या. त्याच्या बियांपासून पुढे किलन आणि गॅरेटसन हे वाण आले. किलनच्या बीपासून इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक जे. सी. मॅकडॅनियल यांनी जॉन रिक निवडला, त्याचं फळ मोठं आणि देखणं. या घराण्यात एक विलक्षण गुण आहे. मादी झाडावर अधूनमधून एखादी फांदी नर फुलांची येते. त्यामुळे त्यांच्यात आपसात संकर करता आला आणि घरातले गुण घरातच अधिक घट्ट झाले.

अर्ली गोल्डनच्या सुरुवातीच्या काळात रुबी, मिलर, जोसेफिन, डॅनियल बून अशी इतरही नावं रूढ होती. 1915 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं डब्ल्यू. एफ. फ्लेचर यांची ‘देशी पर्सिमन’ ही शेतकऱ्यांसाठीची पुस्तिका काढली, क्रमांक 685. बांधावरच्या उपेक्षित झाडाकडे सरकारनं गांभीर्यानं पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं. पण तोवर काकीचा प्रवेश झाला होता. अमेरिकी आरमाराच्या कमोडोर पेरीच्या जपान मोहिमेनंतर 1850 च्या दशकात तिच्या बिया आल्या, 1870 मध्ये कृषी खात्यानं जपानहून कलमं मागवली. कॅलिफोर्नियातल्या बागांत काकी रुळली. ती कडक असताना तोडता येते, पेटीत टिकते. बाजार तिचा झाला. देशी पर्सिमनच्या वाट्याला खुंट होण्याचं काम आलं: दक्षिणेत काकीची कलमं त्याच्या मुळांवर बांधत.

त्याच्या लाकडाला मात्र किंमत होती. ते जड आणि टणक असतं, घासून गुळगुळीत होत जातं. लँकेशायरच्या गिरण्यांत मागावर धावणारे धोटे त्यापासून होत, आणि धातूचे दांडके येईपर्यंत गोल्फच्या सर्वांत लांब फटक्याच्या दांडक्याचं डोकंही.

फळाचा अभिमान टिकला तो इंडियानाच्या दक्षिण भागात. मिचेल या छोट्या गावी 1947 पासून सप्टेंबरात पर्सिमनचा उत्सव भरतो आणि त्यात पुडिंगची स्पर्धा असते. गर चाळणीतून गाळून त्यात ताक, मैदा, साखर, अंडी, दालचिनी घालून मंद आचेवर भाजलेला तो गडद तपकिरी पदार्थ. प्रत्येक घराची कृती वेगळी, आणि ‘आमच्या झाडाचा गर’ हा स्पर्धेतला खरा अभिमानाचा मुद्दा. तिथे कुणाच्या परसात कोणतं झाड, त्याचं फळ कधी पडायला लागतं, हे शेजाऱ्यांना तोंडपाठ असतं. मॉरिस बर्टन हा वाण याच परिसरातला.

वाण सुधारण्याची पुढची पायरी इलिनॉयच्या सेंट एल्मोजवळ गाठली गेली. जेम्स क्लेपूल यांनी 1970 च्या दशकात स्वतःच्या जमिनीवर पर्सिमनचे संकर करायला सुरुवात केली. अर्ली गोल्डनच्या घराण्यातल्या झाडांचे आपसात मेळ घालून त्यांनी हजारोंच्या संख्येनं रोपं वाढवली, प्रत्येकाला अक्षर आणि आकडा दिला. फळ केव्हा पडतं, वजन किती, बिया किती, चव कशी, गर काळा पडतो का, याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. ज्या फळाला बाजारभाव नाही त्याच्यासाठी आयुष्याचा एवढा भाग देणारा माणूस मला विद्यापीठातल्या कोणत्याही पैदासकारापेक्षा लहान वाटत नाही. त्यांचं एच-118 आज अर्ली ज्वेल या नावानं रोपवाटिकांत मिळतं. ते काम पुढे इंडियानातल्या टेरे होटचे जेरी लेहमन यांनी चालवलं, त्यांचं 100-46 लेहमन्स डिलाइट म्हणून ओळखलं जातं. न्यू हॅम्पशायरमध्ये प्राध्यापक एल्विन मीडर यांनी निवडलेला मीडर कडाक्याच्या थंडीत तगतो आणि नराशिवाय फळतो. या कुळाची एक फांदी समुद्रापारही गेली. क्रिमियात याल्टाजवळच्या निकित्स्की वनस्पती उद्यानात देशी पर्सिमन आणि काकी यांचा संकर साधला, रोसियांका. तिथूनच आलेला निकिताज गिफ्ट आज अमेरिकन अंगणांत लागतो आहे: देशी पर्सिमनची थंडी सोसण्याची ताकद आणि काकीच्या जवळ जाणारं फळ.

घराजवळ झाड लावायचं तर हे सगळं कामाला येतं. उन्हाळा छोटा असेल तिथे लवकर पिकणारं, 90 गुणसूत्रांच्या वंशातलं, कलमी मादी झाडच घ्यावं. रोप लहान असावं. याचं सोटमूळ लांब आणि काळं असतं, मोठं झाड उपटून लावलं की वर्षभर रुसतं, कधी मरतंही. रोप काढल्यावर मुळं काळी दिसतात म्हणून ती सडली असं समजून रोप टाकून देऊ नये, त्यांचा रंगच तो. भरपूर ऊन हवं, मातीबद्दल फारशी चिकित्सा नाही. पहिली दोन-तीन वर्षं पाणी, बुंध्याभोवती आच्छादन आणि हरणांपासून कुंपण. मोटार उभी करायची जागा, पायवाट किंवा बसायचा कट्टा याच्या माथ्यावर हे झाड नको, पिकलेली फळं थेट खालीच पडतात. झाड मोठं झालं की 15 मीटरच्या आसपास जातं आणि त्याची साल जाड चौकोनी खवल्यांत भंगते. पानगळीनंतर उघड्या फांद्यांवर नारिंगी फळं लटकलेली दिसतात, तेव्हा त्या परसात दुसऱ्या कोणत्याही शोभेच्या झाडाची गरज उरत नाही.

एक गुण सोसावा लागतो. मुळांतून फुटवे फार येतात, जागा मोकळी दिली तर एका झाडाची राई होते. हिरवळ कापताना ते आपोआप छाटले जातात, कुंपणाकडेचे मात्र हातानं काढावे लागतात. कलमाच्या खाली जे फुटतं ते खुंटाचं, वाणाचं नाही, हे ध्यानात ठेवायचं. आपल्याकडे तेंदूलाही हीच खोड आहे, आणि विडीपानाचा सगळा हंगाम तिच्यावर उभा आहे: उन्हाळ्याआधी झुडपं छाटली की मुळांतून नि बुंध्यातून जे कोवळे फुटवे येतात, त्यांची मोठी मऊ पानं गोंदिया-गडचिरोलीच्या बायाबापड्या पहाटे उठून तोडतात. अमेरिकेत अंगणवाल्याला जो त्रास, तो इथे हजारो घरांच्या चुलीचा आधार.

फुटवा हाताशी असेल तर तो उपटण्यापूर्वी विचार करावा, त्याच्यावर दुसरा वाण बांधता येतो. काड्या हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना कापतात. पेन्सिलीच्या जाडीची, गेल्या वर्षीची वाढ. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून शीतकपाटात ठेवतात. घाई करायची नाही: पर्सिमन वसंतात सगळ्यांत शेवटी जागं होतं. सफरचंदाची कलमं बांधून झाली तरी याचे डोळे मिटलेलेच असतात. खुंटाला पानं फुटू लागली, साल लाकडापासून सहज सुटू लागली, की पाचर करून किंवा सालीखाली काडी सरकवून घट्ट बांधायचं आणि काडीचं वरचं टोक मेणानं बंद करायचं. जागत आलेल्या खुंटावर झोपलेली काडी, हा मेळ बसला की कलम लागतं. कलमावर तीन-चार वर्षांत पहिली फळं येतात. ती फांदीवरून तोडायची नाहीत. खाली गवत कापून स्वच्छ चादर अंथरायची, फांदी हलकेच हलवायची आणि जी सुटतील तेवढीच घ्यायची. रात्री ऑपॉसम आणि रॅकून येतात, म्हणून फेरी सकाळी लवकर. वेचलेली फळं त्याच दिवशी गाळून गर गोठवला की वर्षभर पुडिंगला पुरतो. चाळणीत उरलेल्या बिया फेकू नयेत: दोन-तीन महिने ओल्या वाळूत थंडीत ठेवल्या की त्या वसंतात उगवतात, आणि पुढच्या कलमांसाठी खुंट तयार होतात.